आत्याचं नटबोल्टाचं घर

मी कॉमर्सला आहे, याचं आमच्या घरी माझ्यापेक्षा जास्त कौतुक आहे. यवतमाळच्या कॉलेजात माझ्या वर्गात बाक पुरत नाहीत इतकी मुलं आहेत आणि त्यांत मी कोणाच्या लक्षात राहावं अशी नाही. पण आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे घाटंजी-पांढरकवडा रस्त्यालगतच्या आमच्या लहानशा गावात मी सुट्टीला आले की बचत गटाच्या व्याजापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जो काही आकड्यांचा प्रश्न असेल तो माझ्यापुढे येतो. उत्तर येत असो वा नसो, मी "बघते" म्हणते. मागच्या उन्हाळ्यात मात्र असा प्रश्न आला की नुसतं "बघते" म्हणून भागलं नाही. माझ्या आत्याचं घर विटांचं बांधायचं की तयार विकत आणून जोडायचं, हे मी हिशोब करून सांगायचं होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न टिकलं नाही, आणि त्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. पुढे कितीतरी वर्षं ती पुसदला मुलींच्या एका होस्टेलात स्वयंपाक करायची. राहायला स्वयंपाकघराच्या मागची खोली होती. अर्ध्या खोलीत तांदळाची पोती आणि उरलेल्या अर्ध्यात आत्या. नंतर जेवणाचं काम ठेकेदाराकडे गेलं आणि ती एक पेटी, एक मोठी कढई आणि साठवलेले पैसे घेऊन आमच्याकडे आली. आमच्या घरकुलाच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं होतोच: आई, बाबा, शाळेत जाणारा माझा धाकटा भाऊ आणि सुट्टीत मी. आत्या माझ्याच खाटेवर झोपायची. तिने कधी तक्रार केली नाही. पण वर्ष होत आलं तरी ती कपडे पिशवीतूनच काढायची आणि पिशवीतच ठेवायची, पाहुणी आल्यासारखी. आईने कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. तो रिकामाच राहिला.

आमच्या घराच्या बाजूला कोठ्याची जागा आहे, म्हणजे जिथे पूर्वी बैल बांधायचे ती. बैल विकून बाबांनी लोडिंग ऑटो घेतला, तेव्हापासून तिथे एक निंबाचं झाड आणि कोठ्याचं काढून ठेवलेलं टिनाचं दार एवढंच होतं. मी परीक्षा देऊन घरी आले त्याच आठवड्यात आत्या जेवताना म्हणाली, "बाबू, कोठ्याच्या जागेवर मी एक खोली उभी करतो."

बाबांना आनंद झाला. "कर ना बाई. मिस्त्री तं शेजारीच हाये आपला. उद्याच बोलावतो."

"मिस्त्री नाई पाह्यजे. मी घर इकत आणतो."

बाबांचा घास हातातच राहिला. पांढरकवड्याजवळ हायवेला लागून एक यार्ड आहे. तिथे तयार घरं मिळतात. भिंती, छत, दारं, खिडक्या, सगळं तुकड्यातुकड्यांनी ट्रकमधून येतं आणि नटबोल्टांनी जोडतात. आत्याने एसटीतून जाता-येता ती घरं पाहिली होती, आणि एकदा उतरून हात लावूनही आली होती.

"थे डब्बे?" बाबा म्हणाले. "रोडचं काम करणारे साहेब राह्यतात थे?"

"साहेब राह्यतात तं मी काहून नाही राहू शकत?"

तेवढ्यात मिस्त्री आलेच. ते आमचे शेजारी आणि बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. गावातली अर्धी घरं त्यांच्या हातची आहेत, आमचं घरकुलसुद्धा. त्यांना सगळं कळल्यावर ते उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "फ्रिजमंदी राहाचं म्हणता का बाई? चांगलं हाये. टमाटे नासणार नाईत."

आत्या म्हणाली, "तुमच्या घरात पावसाळ्यात माणसंबी नासतात, भाऊ. मांगच्या साली याच भिंतीले वल आली होती."

यावर दोघांचं बरंच चाललं. शेवटी बाबा म्हणाले, "भांडता कायले? ही हाये ना कॉमर्सची. मांडू दे हिशोब. जे सस्तं पडन थे करू." आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"बघते," मी म्हणाले.

सुट्टीत मी गल्लीतल्या मुलांना शिकवते, म्हणून घरात खडू होते. दुसऱ्या दिवशी मी कोठ्याचं दार निंबाला टेकवलं आणि मधोमध एक रेघ ओढली. डावीकडे विटांचं घर, उजवीकडे जोडायचं घर. दार सगळ्यांना दिसेल असं ठेवलं ही माझी हुशारी समजू नका. मोठा कागद नव्हता, एवढंच. पण त्यामुळे असं झालं की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून वाचायला लागला आणि वाचून झाल्यावर काहीतरी भर घालायला लागला.

डावी बाजू मिस्त्रींनी सांगितली. विटा, सिमेंट, रेती, गिट्टी, सळाख, स्लॅब, त्यांची मजुरी आणि दोन बायांची रोजी. आकडा पाहून मलाही हायसं वाटलं. हातात असलेल्या पैशांत काम होत होतं. मग आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "चहा लिहिला का?"

"चहा किती लागते वहिनी?" मिस्त्री म्हणाले.

"तुमाले? सकाळी एक, दहाला एक, जेवल्यावर एक. अन् काम थांबलं का एक."

मी चहा लिहिला. पाण्याच्या टाकीवरून येणारी एक बाई घागर न उतरवताच म्हणाली, "पाणी लिही व पोरी. मे महिन्यात घराले पाजन कोन? टँकर लागन." मी पाणी लिहिलं. मिस्त्री म्हणाले होते की रेती मिळून जाईल. पण मिळणार कधी आणि कोणत्या भावाने, हे त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून रेतीसमोर मी एक प्रश्नचिन्ह काढलं. मग कोणीतरी स्लॅबच्या दिवशीच्या मटणाची आठवण करून दिली.

"अन् थे मटण शिजवन कोन?" आई म्हणाली. "त्याची मजुरी लिही. माहा रोज लिही."

मिस्त्री म्हणाले, "आता काय, माह्या बिडीचं बंडल लिहून टाका."

"लिहू का?" मी खरंच विचारलं. त्यावर सगळे इतके हसले की मला लाजल्यासारखं झालं.

उजव्या बाजूसाठी पांढरकवड्याला जावं लागणार होतं. बाबा नाराज होते, पण ऑटो त्यांनीच काढला. आत्या आणि मी मागे पोत्यावर बसलो. मेचं ऊन डोक्यावर होतं आणि आत्याने पिशवीत एक चादर घेतली होती. उन्हासाठी असेल असं मला वाटलं.

यार्डात नमुन्याची चार-पाच घरं उभी होती. तिथला मुलगा माझ्याच वयाचा असेल, हिंदीत बोलत होता. त्याने एका घराचं दार उघडून दाखवलं. आत जमीन, भिंती, खिडक्या, सगळं गुळगुळीत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पत्रा आणि मधे थर्मोकोलसारखं काहीतरी भरलेलं, त्याने गरम कमी होतं, असं तो सांगत होता. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून चादर काढली, जमिनीवर अंथरली आणि आडवी झाली.

"मावशी, ये सॅम्पल है," तो मुलगा घाबरून म्हणाला.

"सॅम्पल हाये म्हणूनच तं झोपून पाह्यतो. दार लाव."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी दार लावलं. बाबा ऑटोच्या सावलीत जाऊन बसले. त्यांना आपण यांच्यासोबत नाही असं दाखवायचं होतं बहुतेक. तोवर मी त्या मुलाला किंमत विचारली. त्याने सांगितलेला आकडा मिस्त्रींच्या आकड्यापेक्षा फार वर नव्हता.

मग मी भीत भीत विचारलं, "टॅक्स धरून का?"

"टॅक्स अलग."

"आणि आणून देणं?"

"ट्रान्सपोर्ट अलग."

वायरिंग वेगळं होतं. मोरीचा नळ वेगळा होता. ज्यावर घर ठेवायचं ते जोतं तर आम्हीच बांधायचं होतं. प्रत्येक प्रश्नाला आकडा वाढत होता, त्यामुळे मला विचारायचीच भीती वाटायला लागली. तेवढ्यात आत्या झोपून उठली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. "काहून थांबली? विचार, विचार," म्हणून ती माझ्या कोपराला ढोसत होती. मी विचारत गेले.

शेवटी तिनेच विचारलं, "हे खोलून दुसरीकडं नेता येते का?"

"हां मावशी, क्यों नहीं? दो दिन में खुल जाता."

आत्याने मान हलवली. घर गरम आहे का, असं मी विचारलं तर म्हणाली, "हाये गरम. पण आपल्या टिनापेक्षा कमी. अन् होस्टेलच्या भट्टीपुढं तं काश्मीर."

घरी येऊन मी उजवी बाजू भरली. विटांचं घर थोडं स्वस्त पडत होतं. पण चहा, पाणी, मटण आणि आईची मजुरी धरली तर दोन्ही जवळपास सारखीच. तेव्हा मला घसारा आठवला. वस्तू वापरून दरवर्षी झिजते आणि तिची किंमत कमी होते, तो हिशोब आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला होता. मी मिस्त्रींना समजावून सांगितलं की कोणतं घर किती वर्षांत झिजतं तेही धरायला पाहिजे.

"घर झिजते," ते म्हणाले, "माणूस बी झिजते. थे कोणत्या बाजूले लिहिशील?"

पण त्यांना हा मुद्दा आवडला, कारण त्याने त्यांची बाजू जिंकत होती. विटांचं घर नातवंडांपर्यंत टिकलं असतं. जोडायचं घर यार्डातल्या मुलाने सांगितलं त्याच्या निम्मी वर्षं टिकेल असं मी धरलं. माझं उत्तर तयार झालं. संध्याकाळी बाबा आले की सांगायचं, असं मी ठरवलं.

बाबा यायच्या आधी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. बाकी सगळे गेले होते. तिने पूर्ण दार वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो. मग म्हणाली, "एक गोष्ट राह्यली लिहाची."

"काय?"

"समज, उद्या मले इथून जा लागलं."

"कायले जाशील तू?"

"समज म्हणलं ना. तुमच्या कॉलेजात समज म्हणत नाईत काय? उद्या तुह्या भावाचं लगन झालं, सून आली, तिले जागा लागली. इटाचं घर मले उचलून नेता येईन का? हे खोलता येते." मग म्हणाली, "होस्टेलात माह्या पैशानं मी भिंतीत फळी बसवली होती. भांडे ठेवाले. निघतानी काढाले गेली तं म्हणे, राहू द्या, भिंतीले लागलं थे भिंतीचं. बरोबरच हाये त्याईचं. भिंत माही नव्हतीच."

आमच्या पुस्तकात वस्तू मोडीत काढली तर किती पैसे येतील यासाठी एक जागा असते. पण आत्या घर मोडीत काढायचं म्हणत नव्हती. मी खडू घेतला, उजव्या बाजूला सगळ्यात खाली "नेता येतं" एवढं लिहिलं, आणि समोर आकडा लिहिला नाही.

बाबा मिस्त्रींसोबतच आले. बाबा दार वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि तिथे थांबले. "नेता येतं? कुठं नेता येतं?"

मी आत्याकडे पाहिलं. तिने मला अडचणीत ठेवलं नाही. "मीच लिहाले लावलं," ती म्हणाली आणि मला सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं.

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तुले घरातून काढन?"

"तू नाई काढणार."

"मंग?"

"तू काढणार नाई म्हणून मी राह्यली, अन् माहं हाये म्हणून मी राह्यली, या दोन गोष्टी एक हायेत का, बाबू?"

मिस्त्री मधे पडले. "त्यात काय एवढं? जागाच बहिणीच्या नावानं करून दे. इटाचं बांधू मस्त."

त्यावर बहीण-भाऊ दोघंही एकदम त्यांच्यावर उखडले. बाबा म्हणाले की गावात वाटणीची बोंब करायची आहे का. आत्या म्हणाली, "जागा मांगतली का माहेर गेलं. आमचे वडील गेल्यावर हक्कसोडवर मी हासत सही केली होती, भाऊ. आता रडत वापस घेऊ?"

मग बाबा उठले, ऑटो सुरू केला आणि घाटंजीकडे निघून गेले. बाजाराचा दिवस नव्हता. त्यांना तिथे काही काम नव्हतं.

मला वाटलं, मी हिशोब करता करता घरच मोडलं. मी पदराने, म्हणजे ओढणीच्या टोकाने, ती शेवटची ओळ पुसायला गेले तर आईने माझा हात धरला.

"पुसू नको. बाई बरोबर बोलल्या." मग आत्याकडे पाहून म्हणाली, "या घरात आली तवा मले कोनं विचारलं असतं ना, मी बी नटबोल्टाचंच मांगतलं असतं."

आत्या आधी हसली आणि मग डोळे पुसायला लागली, आणि मग दोघी पुन्हा हसायला लागल्या. मला त्यातलं सगळं कळलं असं मी म्हणणार नाही.

पुढचे काही दिवस बाबा जेवायचे आणि जायचे. आत्याशी बोलायचे, पण कामापुरतं. "मीठ दे", "पाणी आलं का", एवढंच. आत्याने यार्डाला फोन केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्याच्या जागेवर त्याचं तोंड वाकडं करून घर ठेवू काय? मंग होस्टेल काय वाईट होतं?" पैसे तिचे होते, निर्णय तिचा होता, आणि तरी सगळं बाबांच्या एका शब्दावर अडून बसलं होतं. पाऊस यायच्या आधी काही झालं नसतं तर ते वर्ष तसंच गेलं असतं, पिशवीतून कपडे काढण्यात.

मग एका दुपारी बाबांचा ऑटो आला तो खालून टेकलेला, इतका भरलेला. त्यात काळे दगड होते. बाबांनी ते कोठ्याच्या जागेवर ओतले, आणि मागून मिस्त्री सूत आणि थापी घेऊन आले. आत्या दारात येऊन उभी राहिली.

बाबा तिच्याकडे न पाहता मला म्हणाले, "तो पोऱ्या जोतं लागते म्हणत होता ना?"

"हो."

"मंग." आणि दगड सरकवता सरकवता म्हणाले, "बाई, घर तुहं. कुठंबी नेजो. जोतं माहं हाये. थे इथंच राहीन."

आत्याने विचारलं, "अन् मी वापस आली तं?"

"तं जोतं तयार हाये."

आत्या आत गेली आणि आम्हाला कोणाला न विचारता सगळ्यांसाठी चहा मांडला. मिस्त्री माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाह्य, फ्रिजचा स्टँड बनवून राह्यलो." पण त्यांनी ते जोतं इतकं सरळ आणि नीट बांधलं की गावातली माणसं ते पाहायला यायची. बाबांनी त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. टाकीवरून ड्रम ऑटोत टाकून आणायचे, पोती ओली करून जोत्यावर अंथरायचे. एखादं लेकरू आजारी असावं तसं ते उठल्याबरोबर आधी तिकडे जायचे.

घर मात्र दोन दिवसांत उभं झालं. ट्रक आला, यार्डातला तो मुलगा आणि त्याची माणसं आली, आणि सल्ला द्यायला लोक जमेपर्यंत भिंती उभ्या राहिल्या होत्या. गावाला याचं थोडं वाईटच वाटलं असावं. आमच्याकडे घर बांधणं म्हणजे दोन-तीन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून खिडकी कुठे पाहिजे ते सांगायचं. इथे कोणी तोंड उघडायच्या आत खिडकी लागलेली असायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाहेर पाण्याचा आवाज येत होता. बाबा पाइप घेऊन आत्याच्या घराच्या भिंतींवर पाणी मारत होते. वरपासून खालपर्यंत, एक कोपरा न सोडता. मिस्त्री बिडी ओढत शेजारी उभे होते आणि त्यांना थांबवायचं सोडून "त्या कोपऱ्यात बी मार, तिथं सुकलं हाये," म्हणून सांगत होते. तो यार्डातला मुलगा दाराचं कुलूप बसवायला आला होता. तो धावतच आला.

"अरे काका! क्या कर रहे हो?"

"पाणी मारून राह्यलो. नवं घर हाये."

"इसको पानी नहीं लगता!"

"असं कसं? पाणी नाई मारलं तं तडे जातीन."

"काका, लोहे को तडा कैसे जाएगा?"

बाबांनी हातातल्या पाइपाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मग मिस्त्रींकडे. मिस्त्री इतके हसत होते की त्यांना ठसका लागला. आत्या खिडकीतून म्हणाली, "मारू दे त्याले पाणी. धूळ तं निघन." पुढचे दोन-तीन दिवसही बाबांनी सकाळी थोडं पाणी मारलं. विचारलं की म्हणायचे, धूळ धुतो.

दुसरी अडचण खिळ्यांची आली. त्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही असं मुलाने बजावून सांगितलं होतं. आता आमच्या घरांत भिंतीवर जे दोन फोटो असतात ते लावल्याशिवाय कोणी राहायला जात नाही. आत्याने त्यावर स्वतःच तोड काढली. पेटी उभी केली, तिच्यावर पांढरं कापड घातलं आणि दोन्ही फोटो त्यावर ठेवले. त्रिशरण आणि वंदना झाली, सगळ्यांना खीर दिली. पेटीतलं सगळं सामान त्यासाठी बाहेर काढावं लागलं होतं, आणि ते आईने दिलेल्या जुन्या मांडणीवर गेलं. होस्टेलची कढई चुलीजवळ. साड्या दोरीवर.

हिशोबाचं खरं सांगायचं तर आत्याचं घर शेवटी माझ्या दोन्ही आकड्यांपेक्षा थोडं महाग पडलं. तयार घराचे पैसे लागले, आणि वर मिस्त्रींचं दगडी जोतं. दगड आणि मिस्त्रींची मजुरी बाबांनी दिली, ती आत्याला देऊ दिली नाही. मी कॉमर्सची असून मला दोन्हींतलं स्वस्त ते सांगता आलं नाही, आणि कोणी मला त्याचा जाबही विचारला नाही. कॉलेजात हा हिशोब कोणत्या विषयात बसेल याचा मी अजून विचार करते. विचारायची हिंमत झाली तर सरांना विचारीन.

मी यवतमाळला परत जायच्या आदल्या दिवशीची दुपार होती. बाबा जेवून उठले. दोन भाकरी आणि वांग्याची भाजी, वर ताक. हात धुतला आणि सवयीने आत्याच्या घराकडे गेले. दार लावलेलं होतं. बाबा थांबले. आमच्याकडे दिवसा कोणी दार लावत नाही आणि कोणाच्या दारावर टकटक करायची वेळ बाबांवर आली नसावी. त्यांनी एकदा मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मग दोन बोटांनी भिंतच वाजवली. डब्ब, डब्ब.

"कोन हाये?" आतून आत्या.

"मी."

"मी कोन?"

आई खाटेवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. बाबांनी घसा साफ केला. "तुहा भाऊ. अजून कोन राहीन?"

"थांब. येतो."

खिडकी उघडी होती, त्यामुळे आम्हाला आत्या दिसत होती. ती दाराच्या आतच उभी होती, कडीपासून हातभर अंतरावर. काहीच करत नव्हती. पदर नीट केला, पुन्हा नीट केला. बाबा उन्हात जोत्याच्या पायरीवर उभे होते, चपला काढून, आणि त्यांनी पुन्हा भिंत वाजवली नाही.

मग तिने कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं.

"जेवला का?" आत्याने विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले.